वेगळी कढई

गेल्या अंकी या सदरात आम्ही चातुर्मासातील एकभुक्त व त्याचे पथ्यापथ्य यांविषयी चार शब्द लिहिले होते. ते वाचून कल्याणच्या एका भगिनींनी आम्हांस पत्र पाठविले असून त्यात एक सरळ प्रश्न केला आहे. त्या लिहितात की, त्यांचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. परंतु मुलांस हल्ली चिनी पदार्थांचा फार ओढा. अशा खानावळीत त्यांस न्यावे, तर तेथे त्याच छपराखाली मासळीही शिजते. न न्यावे, तर मुले मित्रांबरोबर जातातच. तेव्हा आपल्यासारख्या घरांनी तेथे पाऊल ठेवावे काय, आणि ठेविल्यास कोणत्या नियमाने? प्रश्न वरवर पाहता जिभेचा दिसतो. परंतु हे पत्र आमच्या हाती पडले त्याच्या आठच दिवस आधी आम्ही स्वतः अशा एका खानावळीत सहकुटुंब जेवून आलो होतो, आणि तेथे आमच्याच एका जुन्या वर्तनाची आम्हांस जी आठवण झाली, ती सांगितल्यावाचून या भगिनींस प्रामाणिक उत्तर देणे आम्हांस शक्य नाही.

आमचे बिऱ्हाड डोंबिवलीस आहे. थोरले बंधू आणि आम्ही, दोघांची मुले, सुना व नातवंडे अशी अकरा माणसे. दोन लगतच्या जागांमधील भिंतीस दार पाडून स्वयंपाकघर एकच ठेविले आहे. कार्तिकी एकादशी होऊन चातुर्मास संपला, तेव्हा थोरल्या बंधूंच्या नातवाने आपल्या पहिल्या पगारातून सर्वांस बाहेर जेवू घालण्याचा बेत केला. ठिकाणही त्यानेच ठरविले. घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर निघालेली ती एक लहानशी खानावळ. दारावरील पाटीवर चिनी व व्हिएतनामी पदार्थ आणि खाली मोठ्या अक्षरांत 'सी फूड' असे लिहिलेले. आमच्या सौभाग्यवतींनी पाटी वाचली, "मी आपली पाणी पिईन," एवढेच म्हटले आणि त्या आत आल्या.

आत आठ टेबले होती. दर्शनी बाजूस बर्फावर पापलेटे, सुरमई व कोळंबी मांडलेली. काचेच्या पेटीत नांग्या दोरीने बांधलेल्या चिंबोऱ्या. आमची पाचवीतील धाकटी नात त्या पेटीपुढे जी खिळून राहिली, ती हात धरून ओढावी लागली. आमचे नाक मात्र आपोआप आक्रसले, आणि गल्ल्यावर बसलेल्या गृहस्थाने ते पाहिले. तो लगबगीने उठून पुढे आला आणि वाकून नमस्कार करीत म्हणाला, "सर, तुम्ही? ओळखलंत का?"

आम्ही ओळखिले नाही. त्याने नाव व इयत्ता सांगितल्यावर मात्र तिसऱ्या बाकावरचा एक किरकोळ बांध्याचा मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. १९९२ साली आम्ही सातवीच्या ज्या तुकडीचे वर्गशिक्षक होतो, तीत तो होता. जवळच्याच गावातील आगरी कुटुंबातला. शाळा संपल्यावर तो व्यापारी जहाजांवर प्रथम आचाऱ्याच्या हाताखाली व पुढे आचारी म्हणून बारा वर्षे फिरला, सिंगापूर, हाँगकाँग, सायगाव अशी बंदरे त्याने पाहिली, आणि साठविलेल्या पैशांतून ही खानावळ काढली, असे त्याने उभ्या उभ्याच सांगितले. आम्हांस समाधान वाटले. शिक्षकास असे समाधान फुकट मिळते व ते तो आपल्याच खात्यावर जमा करतो.

इतक्यात सौभाग्यवतींनी बसण्यापूर्वीच त्यास विचारले, "शाकाहारी जिन्नसांची कढई वेगळी ठेवता ना? की सगळे एकाच कढईत?"

तो अगदी सहज हसून म्हणाला, "वेगळी आहे, काकू. कढई, झारा, चिरायची फळी, सुरी, तळणीचं तेल, सगळं वेगळं. वेगळं ठेवायला मी शाळेतच शिकलो."

सौभाग्यवती निश्चिंत होऊन खुर्चीवर बसल्या. आम्ही मात्र उभेच राहिलो.

ती हकीकत अशी. त्या वर्गात मधल्या सुट्टीत मुले बाकांवरच डबे उघडीत. या मुलाच्या डब्यात तांदळाची भाकरी व सुकट असे. एके दिवशी दोघा मुलांनी येऊन तक्रार केली की, वासाने घास उतरत नाही. आम्ही त्यास बोलावून, रागावून नव्हे, अगदी शांतपणे सांगितले की, बाळ, तू आपला डबा बाहेर जिन्यावर बसून खात जा. ती त्या दिवसापुरती सोय आहे असे आमच्या मनाने घेतले आणि आम्ही ते विसरून गेलो. परंतु शिक्षकाने काढलेली सोय मुलांच्या जगात कायदा होऊन बसते. तो मुलगा वर्ष संपेपर्यंत जिन्यावर बसून एकटा जेवला. आम्ही मधल्या सुट्टीत रोज त्याच जिन्याने शिक्षकांच्या खोलीकडे जात होतो. तो अंग चोरून आम्हांस वाट देत असे, आणि आम्ही त्याच्या नमस्काराचा स्वीकार करून पुढे जात असू. अन्नाची निंदा करू नये, ही तैत्तिरीय उपनिषदाची आज्ञा आम्ही त्याच सहामाहीत त्याच वर्गास समजावून सांगितली होती. वर्गात तो पहिल्या रांगेतील मुलांपेक्षाही लक्ष देऊन ऐकत होता, हेही आता आठवते.

आणखी एक गोष्ट त्या क्षणी ध्यानी आली. आमच्यासारखी कुटुंबे मुंबईतील जागेच्या अडचणीस कंटाळून आगगाडीच्या आधाराने येथे आली. ठाण्यापर्यंत गाडी १८५३ साली धावली आणि १८५४ साली ती कल्याणास पोहोचली. तो लोहमार्ग ज्या भातखाचरांतून व मिठागरांतून गेला, ती येथील आगरी व कोळी लोकांच्या कष्टाची होती. म्हणजे गावच्या माणसास आम्ही पाहुण्यांनी जिना दाखविला होता!

बोलावे असे मनात आले, पण तोच पोऱ्या पदार्थांची यादी घेऊन आला व मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. अडचणीच्या वेळी व्युत्पत्तीत शिरावे ही शिक्षकाची खोड. आम्ही ती यादी डोळ्यांपुढे धरून नातीस एकेक नाव समजावून सांगू लागलो. ते येथेही सांगतो, कारण आपण 'चायनीज' म्हणून जे खातो ते काय आहे, हे घराघरांत ठाऊक असलेले बरे.

यादीत पहिले नाव मंचुरियनचे. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रांत. परंतु हा पदार्थ तेथला नव्हे. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे पाककुशल गृहस्थ नेल्सन वँग यांनी तो १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मुदपाकखान्यात प्रथम केला, अशी त्यांनी स्वतःच सांगितलेली हकीकत आहे. आले, लसूण व हिरवी मिरची हा आपला नेहमीचा ठेचा घ्यावयाचा, गरम मसाला वगळून सोयाबीनचा आंबविलेला रस घालावयाचा, आणि मक्याच्या पिठाने रस दाट करावयाचा, एवढीच ती युक्ती. कोंबडीच्या जागी कोबी व फ्लॉवर आला आणि तो पदार्थ आपल्या गल्लीतील गाडीवर येऊन उभा राहिला. तेव्हा तो जितका चिनी, तितकाच मुंबईचा.

दुसरे नाव शेजवान. सिचुआन या प्रांतनामाचा हा आपल्याकडील उच्चार. त्या प्रांताची खरी खूण म्हणजे जिभेस मुंग्या आणणारी तेथील मिरी. ही मिरी म्हणजे आपल्या कोकणातील तिरफळाची सख्खी बहीण. वनस्पतिशास्त्रात दोघींचे कूळ एकच. आपल्या गाड्यांवरील लाल चटणीत ती मिरी बहुधा नसते. परंतु सिंधुदुर्गात व गोमंतकात बांगड्याच्या आमटीत तिरफळे पडतात, म्हणजे जी चव आपली मुले चीनमधून आली असे समजतात, ती सावंतवाडीच्या स्वयंपाकघरात मुळापासून नांदत आहे.

आणि चीनचे नाव तरी आपणांस नवे आहे काय? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'चीनपट्ट' आहे, कालिदासाच्या शाकुंतलात 'चीनांशुक' आहे. सातव्या शतकात ह्युएन-त्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रात येऊन गेला, आणि येथील लोक उपकार स्मरणारे व अपमान न विसरणारे आहेत असे त्याने लिहून ठेविले. पहिला गुण आपण अभिमानाने सांगतो. दुसऱ्याचा अर्थ असा की, अपमान करतानाही येथे जपून करावा, कारण तो लक्षात राहतो. ही यादी वाचताना आम्हांस ते फार जवळून कळले.

मुंबईतील चिनी वस्ती कँटनकडील खलाशी व कारागीर यांची. माझगावात त्यांनी १९१९ साली बांधलेले देऊळ आहे. दातांचे वैद्य, चांभार, केशकर्तनकार व खानावळवाले म्हणून ही मंडळी येथे राहिली. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा आसाम, बंगाल इत्यादी प्रांतांतील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांस राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेविण्यात आले. त्यांतील पुष्कळजण येथेच जन्मलेले होते. कित्येकांस तेथे वर्षानुवर्षे काढावी लागली. याच चीनमध्ये १९३८ साली आपल्या पाच डॉक्टरांचे पथक जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस गेले होते. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे दोघे महाराष्ट्रीय. कोटणीसांनी तेथेच चिनी परिचारिकेशी विवाह केला, मुलाचे नाव भारत व चीन या दोन देशांच्या नावांवरून यिनहुआ असे ठेविले, आणि १९४२ च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेविला. ज्यांच्या ताटात ते चार वर्षे जेवले, त्यांच्या अन्नाविषयी त्यांनी कधी नाक मुरडले असेल असे आम्हांस वाटत नाही.

नातीने मध्येच विचारले, "आजोबा, आणि व्हिएतनाम?"

त्याचे उत्तर मालकाने आणून ठेविले. मोठ्या वाडग्यात वाफाळणारे सार, आणि वर तरंगणारे हिरवट, जाळीदार देठ. "हे खास तुमच्यासाठी मासळीशिवाय केलंय, काकू," तो म्हणाला. "सायगावला याला कान्ह चुआ म्हणतात. कान्ह म्हणजे सार, चुआ म्हणजे आंबट. चिंच, टोमॅटो, अननस, भेंडी, मोडाचे मूग आणि हे अळूच्या जातीचे देठ. तिथं त्यात मासा असतो. पण तिथलीही बरीच माणसं पौर्णिमेला आणि अवसेच्या दुसऱ्या दिवशी मासळी खात नाहीत. तेव्हा असंच करतात."

सौभाग्यवती पाणी पिण्याच्या निश्चयाने आलेल्या. त्यांनी चमचाभर सार तोंडात घातले, थोडा वेळ थांबल्या आणि वहिनींस म्हणाल्या, "अहो, हे तर अळूचे फतफदे. फक्त शेंगदाणे, मुळा घालायचे राहिले." वहिनींनीही घेतले. वाडगे दुसऱ्यांदा भरून आणावे लागले. चिंच, गोडाचा अंश आणि अळूचे देठ हा त्रिवेणी संगम केवळ आपल्या लग्नाच्या पंक्तीतच होतो, अशी आमची आजवर समजूत होती.

मग नातीस आम्ही व्हिएतनाम कोठे ते सांगितले. त्या देशाच्या मध्य व दक्षिण किनाऱ्यावर पूर्वी चंपा नावाचे राज्य होते, आणि तेथील राजे शिवाची देवळे बांधीत व शिलालेख संस्कृतात कोरवीत. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मा राजाने मी-सोन येथे भद्रेश्वराची स्थापना केली. ती देवळे आज पडकी असली तरी १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आपल्या पुरातत्त्व खात्याने त्यांच्या डागडुजीचे काम केले आहे, आणि २०२० साली त्या कामात एक अखंड शिवलिंग सापडले.

ठाण्याशी तर या किनाऱ्याचा संबंध फारच चमत्कारिक आहे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंचा वध झाला. त्यानंतर लवकरच ओदोरिक नावाचा त्याच पंथाचा इटालियन साधू होर्मुझहून अठ्ठावीस दिवसांच्या जलप्रवासाने ठाणे बंदरी उतरला. त्याने त्या चौघांच्या अस्थी गोळा केल्या व त्या बरोबर घेऊन तो सुमात्रा, जावा असा चीनच्या झैतून बंदरास पोहोचला. आपल्या प्रवासवर्णनात त्याने चंपेविषयी लिहिले आहे की, तेथे समुद्रातील माशांच्या एकेक जातीचे थवे आपल्या पाळीने किनाऱ्यास येतात, दोन-तीन दिवस लोक हवे तितके मासे गोळा करतात, आणि मग दुसऱ्या जातीची पाळी येते. म्हणजे ठाणे, व्हिएतनाम, चीन आणि मासळी हे चारही शब्द एका माणसाच्या एका प्रवासात सातशे वर्षांपूर्वीच एकत्र आले होते, आणि आम्ही मात्र ती पाटी वाचून दारात अडखळलो होतो!

हे सर्व सांगताना आम्ही ज्या गोष्टीपासून पळत होतो, ती याच वेळी टेबलावर आली. ज्याच्या पगाराचे हे जेवण, त्या आमच्या नातवाने पोऱ्यास हळूच काही सांगितले. थोरल्या बंधूंनी ते ऐकले. तो बाहेर मासे खातो हे घरात सर्वांस ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि समोर असणे निराळे. बंधूंनी आवाज न चढविता म्हटले, "माझ्यासमोर नको. खायचेच असेल, तर त्या पलीकडच्या टेबलावर जाऊन खा. आम्ही थांबतो."

पोराने वाद घातला नाही. पहिल्या पगाराच्या दिवशी आजोबांशी वाद कोण घालील? तो आपला पेला उचलून उठू लागला. त्याच्या उठण्यात जी मुकाट सवय होती, ती पाहून आम्हांस जिना दिसला.

आम्ही त्याचा हात धरून त्यास खाली बसविले, आणि बंधूंस म्हटले, "दादा, याने उठायचे नाही. एका मुलास असे उठवून झाले आहे माझ्या हातून." मग तेथेच, मुलाबाळांदेखत, आम्ही १९९२ सालची हकीकत सांगितली. मालक तोवर पापलेटाचे ताट घेऊन आला होता व ऐकत उभा होता. सांगणे संपल्यावर आम्ही त्याच्याकडे पाहून म्हटले, "चूक माझी होती. तेव्हाही होती, आणि आजवर ती मला आठवली नाही ही दुसरी."

तो थोडा वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, "विसरलो असं खोटं नाही सांगत, सर. घरी आईला सुकट देऊ नको म्हटलं, तर ती रडली होती. तेवढं राहिलंय मनात." आणि ताट नातवापुढे ठेवीत म्हणाला, "गरम आहे तोवर खाऊन घ्या. वाफेवरचा मासा थंड झाला की गेला."

यापेक्षा अधिक त्याने काही म्हटले नाही, व आम्हीही विचारले नाही. आमचा अपराध धुतला गेला असे वाचकांनी समजू नये. आम्हीही समजत नाही. त्या माउलीच्या डोळ्यांतील पाणी आमच्या एका सोयीच्या वाक्यातून निघाले होते, आणि त्याची परतफेड रसाच्या वाडग्यापाशी बसून होण्यासारखी नव्हती.

पापलेट अखंड होते. वर आल्याचे बारीक काप व कांद्याची हिरवी पात, त्यावर सोयाबीनचा रस आणि शेवटी ओतलेले कडकडीत तेल. नातवाने एक बाजू संपवून मासा उलटावयास काटा घातला, तो मालक मध्येच म्हणाला, "उलटू नका. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर कोळी मासा कधी उलटत नाहीत. मासा उलटला की होडी उलटते म्हणतात. काटा वरून काढायचा आणि खालचं खायचं." आमच्या नातीस ही गोष्ट सर्वांत अधिक आवडली. मत्स्य या अर्थाचा चिनी शब्द व शिल्लक या अर्थाचा शब्द यांचा उच्चार एकच, म्हणून नववर्षाच्या जेवणात ते मासा ठेवतात, हेही त्यानेच सांगितले. आपण अन्नपूर्णेच्या भांड्यात मूठभर तांदूळ राहू देतो, त्यातील भाव याहून निराळा नाही.

थोरले बंधू आपला भात मुकाट्याने जेवले. त्यांनी खुर्ची मागे सरकविली नाही, आणि समोर पाहिलेही नाही. बिल नातवाने दिले. परत येताना ते आमच्या बरोबरीने, बाकीच्यांच्या मागे चालत होते. इमारतीच्या फाटकापाशी आल्यावर त्यांनी विचारले, "तो मुलगा कोणत्या जिन्यावर बसायचा रे?"

"गच्चीकडे जाणाऱ्या," आम्ही म्हटले.

"पत्रा होता ना त्यावर? उन्हाळ्यात फार तापत असेल." एवढे बोलून ते वर गेले.

आता कल्याणच्या भगिनींस उत्तर. आपण शाकाहारी आहात, ते व्रत आनंदाने पाळावे. ते सोडावे असे आम्ही म्हणत नाही, आम्ही स्वतः सोडलेले नाही. परंतु व्रत आपल्या ताटापुरते असते. अशा खानावळीत जाण्यापूर्वी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, कढई व तळणीचे तेल वेगळे आहे किंवा नाही. दुसरी, सारात व भाजीत घातलेले पाणी कोंबडीच्या अथवा माशाच्या अर्काचे आहे काय. चिनी स्वयंपाकात नुसती भाजी मागविली तरी हे संभवते. तिसरी, कालवांचा रस, ज्यास 'ऑयस्टर सॉस' म्हणतात, तो भाजीवर घालतात काय. चौथी, व्हिएतनामी पदार्थांत 'न्युओक माम' हा रस असतो. लहान मासे मिठात कित्येक महिने मुरवून तो काढतात, आणि तो तेथे आपल्याकडील मिठाच्या जागी पडतो, म्हणून यादीत त्याचा उल्लेख असेलच असे नाही. त्याऐवजी सोयाबीनचा रस वापरावयास सांगावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास नम्रपणे उठून दुसरीकडे जावे. हे सर्व विचारण्यात संकोच नको. मात्र विचारताना नाक जागेवर ठेवावे. आपल्या प्रश्नाने कोणी दुखावत नाही, आपल्या चेहऱ्याने दुखावते.

आणि घरातील कोणा मुलाने निराळे काही मागविले, तर त्यास दुसऱ्या टेबलावर धाडू नये. त्याचे ताट टेबलाच्या त्या टोकास असू द्या, पण ते त्याच टेबलावर असू द्या. मुलास पटत नसलेला नियम घरात बसून समजावता येतो. उठविलेल्या मुलास काहीच समजावता येत नाही, कारण तो तेथे नसतो.

आम्ही निघताना त्या गृहस्थास सहकुटुंब आमच्या घरी जेवावयास येण्याचे निमंत्रण दिले आहे, आणि आईंसही आणावे असे आवर्जून सांगितले आहे. सौभाग्यवतींनी फतफद्याचा बेत योजून ठेविला आहे. मालकाच्या सारातील अननस त्यात घालून पाहावा की काय, याविषयी त्यांची व वहिनींची चर्चा चालू आहे. "सोमवारी बंद असतं, बघतो," एवढेच तो म्हणाला. दोन सोमवार होऊन गेले. तो येईल अथवा न येईल, ते त्याच्या हाती आहे. आम्ही सोमवारी संध्याकाळी बाहेर जात नाही.

पुढील अंकी संक्रांतीच्या तिळगुळाविषयी.